डेट्रॉइट लँड बँकेचं हजार डॉलरचं घर: घ्यावं का, आणि शेजारच्या प्लॉटचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या कॅन्टनला भाड्याने राहतात, गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर आहेत, एच-वन बी व्हिसावर. डेट्रॉइट लँड बँकेच्या (शहरातल्या पडीक, बहुतेक करापोटी जप्त झालेल्या मिळकती सांभाळणारी आणि विकणारी सरकारी संस्था) ऑनलाइन लिलावात त्यांना एक विटांचं दुमजली घर दिसलंय, बोलीची सुरुवात १,००० डॉलर. त्याला लागून दोन मोकळे प्लॉट आहेत, तेही लँड बँकेचेच. पुण्यातला मेहुणा निम्मे पैसे घालायला तयार आहे. तर घर घ्यावं का, प्लॉट "घेऊन ठेवावेत" का, आणि कागदावर मेहुण्याचं नाव लावावं का?

वेन काउंटीतली, म्हणजे डेट्रॉइट ज्या काउंटीत येतं तिथली, जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, आणि लँड बँकेच्या घरांची पाहणी करून खर्चाचा अंदाज देणं हे त्यातलं नेहमीचं काम. त्यामुळे उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. स्वतः तिथे राहायला जाणार असाल तर घर जरूर बघा. कॅन्टनमध्ये बसून, भाड्याने द्यायला म्हणून, भागीदारीत घेणार असाल तर नको. आणि प्लॉट घेऊन ठेवायचा विचार सोडून द्या.

लँड बँक तुम्हाला घर विकत नाही, एक काम मुदतीसकट गळ्यात घालते. किंमत कमी आहे ती त्या कामामुळे. हे मनात पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

ही घरं तिच्याकडे आली कशी, हे माहीत असायला हवं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६,३९,१११ भरली. माणसं गेली, घरं राहिली. मिशिगनच्या १९९९ च्या कायद्यानुसार मालमत्ता कर तीन वर्षं थकला की काउंटी घर ताब्यात घेते आणि लिलावात काढते. तिथे ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, असं बरंच लँड बँकेच्या पदरात पडलं. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे पुढे एक वेळ अशी आली की शहरातल्या जवळजवळ एक चतुर्थांश मिळकती तिच्या नावावर होत्या. त्यानंतर केंद्राच्या 'हार्डेस्ट हिट फंड'मधून हजारो घरं पाडली गेली, आणि २०२० मध्ये मतदारांनी २५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिल्यावर आणखी पाडली गेली. म्हणजे आज यादीत जे उभं दिसतं, ते "वाचवता येईल" असं कोणीतरी ठरवलेलं घर आहे. वाचवायचं कोणी, तर तुम्ही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. यातली सगळी घरं लोकांनी टाकून दिलेली नव्हती. 'डेट्रॉइट न्यूज' या वृत्तपत्राने २०२० मध्ये हिशेब मांडून दाखवला की २०१० ते २०१६ या काळात शहराने घरांची मूल्यांकनं फुगवून घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीचा कर आकारला. तो न भरता आल्यामुळे घर गेलेली कुटुंबं अजून त्याच गल्ल्यांत राहतात. माणसं राहत असलेली घरं लँड बँक सहसा लिलावात काढत नाही, राहणाऱ्यालाच विकत घ्यायची वेगळी योजना आहे. तरीही बोली लावण्याआधी गल्लीत जा, दोन शेजाऱ्यांशी बोला. घराचा इतिहास तर कळतोच, पण तुम्ही कोण, कशाला आलात, हे त्यांना कळणंही तितकंच गरजेचं आहे. पुढचे सहा महिने तुमच्या घरावर लक्ष ठेवणार आहेत ते तेच.

आता लिलाव. घरं मुख्यतः दोन रांगांत येतात. 'ऑक्शन'मधली घरं त्यातल्या त्यात बरी. त्यांना ओपन हाउस असतं, आत जाऊन बघता येतं. 'ओन इट नाऊ'मधली जशी आहेत तशी. आत शिरायला मिळत नाही, आतला कचरा, मोडकं सामान, सगळं तुमचं. ज्या घरात पाऊल ठेवता येत नाही त्यावर बोली लावायला मी कोणालाच सांगत नाही. सराईत बिल्डर लावतात, त्यांच्याकडे माणसं आणि डंप ट्रक असतात. तुमचं घर ऑक्शनमधलं आहे, हे ठीक. पण १,००० हा सुरुवातीचा आकडा आहे. बॅग्ली किंवा ईस्ट इंग्लिश व्हिलेजसारख्या वस्तीतलं चांगलं विटांचं घर हजारावर सुटत नाही, बोली दहा-वीस हजारांच्या पुढे सहज जाते. घर खरंच हजारालाच मिळत असेल, तर बाकीच्यांना काय दिसलं जे तुम्हाला दिसलं नाही, हा प्रश्न स्वतःला विचारा. बोली जिंकलात की ७२ तासांत दहा टक्के भरायचे, उरलेले क्लोजिंगला, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होऊन घर नावावर होताना. तुमच्या नावावर वेन काउंटीत थकलेला कर किंवा शहराचा न भरलेला दंड असेल तर तुम्ही बादच.

मग कागद. लँड बँक देते ते क्विटक्लेम डीड, म्हणजे आपल्याकडच्या हक्कसोडपत्राच्या जातीचं. "आमचा जो काही हक्क आहे तो तुम्हाला दिला", एवढंच. हक्क निर्वेध आहे, याची हमी नाही. करापोटी जप्त झालेल्या घराला टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, देणाऱ्या कंपन्या सहजासहजी विमा देत नाहीत, कारण जुन्या मालकाला किंवा त्याच्या बँकेला नोटीस नीट गेली होती का, हा धागा लोंबत असतो. तो तोडण्यासाठी 'क्वाएट टायटल'चा, म्हणजे बाकीच्यांचे जुने हक्क कोर्टातून मिटवायचा दावा करतात. २००३ च्या लँड बँक कायद्याने मिशिगनमधल्या लँड बँकांना हा दावा झटपट, एकदम अनेक मिळकतींसाठी करायची सोय दिली आहे. तुमच्या घरासाठी तो झाला आहे का, हे बोलीआधी विचारा. झाला नसेल तर दुरुस्तीत लाखभर डॉलर ओतून बसाल आणि विकायच्या वेळी विमा कंपनी हात वर करेल. मिशिगनच्या वकिलाकडून तोच दावा स्वतंत्रपणे करून घ्यायला काही हजार डॉलर आणि काही महिने लागतात. सर्च रिपोर्ट मात्र टायटल कंपनीकडून आधीच काढा, त्याला काही शेकडेच पडतात.

लोक डीड निदान वाचतात तरी, पण मुदतीचा करार वाचत नाहीत, आणि खरी मेख त्यातच आहे. घर नावावर झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत ते कोडप्रमाणे, म्हणजे शहराच्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे दुरुस्त करून त्यात माणूस राहायला आला पाहिजे. हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जतनासाठी राखलेल्या जुन्या वस्तीत, मुदत थोडी जास्त, पण तिथे खिडकीची चौकट बदलायलाही जतनाच्या कमिशनची परवानगी लागते, त्यामुळे ती सवलत तिथेच खर्ची पडते. मधल्या काळात प्रगती दाखवत राहायची: फोटो, पावत्या, ठेकेदाराबरोबरचे सह्या झालेले करार, शहराची परमिटं. प्रगती दिसली तर मुदत वाढवून मिळते, याबाबतीत लँड बँक आडमुठी नाही. पण काहीच दिसलं नाही तर ती घर परत घेऊ शकते, आणि तोवर तुम्ही घातलेला पैसा परत मिळत नाही.

सहा महिने कागदावर भरपूर वाटतात. डेट्रॉइटमध्ये ऑक्टोबरला क्लोजिंग केलंत तर हिशेब असा होतो: नोव्हेंबरात परमिटं, डिसेंबरात गोठलेली जमीन, सांडपाण्याची लाईन खणायला कोणी येत नाही, छपराचे ठेकेदार मार्चच्या तारखा देतात. मुदत एप्रिलला संपते. म्हणून मी गिऱ्हाइकांना क्लोजिंग मार्च-एप्रिलला येईल अशा बेताने बोली लावायला सांगतो. आणि क्लोजिंगच्या दुसऱ्या दिवशी आधी दोन कामं: दारं-खिडक्या बंद करणं आणि छप्पर गळत असेल तिथे ताडपत्री. त्याचे फोटो काढून ठेवा, हीच तुमची पहिली 'प्रगती'.

आता घर कसं बघायचं. ओपन हाउसला वीज नसते, पाणी नसतं. चांगला टॉर्च, जाड तळाचे बूट, मास्क आणि एक लांब पेचकस न्या. आधी बाहेरून फेरी मारा. छपराची कड सरळ आहे की मधे झोळ आलाय? खिडक्यांवरच्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या की वरच्या विटा उचलल्या जातात आणि कोपऱ्यातून जिन्यासारखी भेग वर चढते, ती शोधा. मग आत शिरून सरळ तळघरात उतरा. हॉलमधलं ओकचं फ्लोअरिंग आणि विटांची शेकोटी आधी बघितली की तळघरात डोकं चालत नाही, हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय.

तळघरात पहिली बघायची गोष्ट म्हणजे भिंतीवरची पाण्याची रेघ. ती घोट्याएवढी असेल तर एखादा पाइप फुटला असेल. कमरेएवढी असेल तर गटार उलटं आलंय. जून २०२१ च्या पावसात पूर्व भागातली तळघरंच्या तळघरं अशी भरली होती. मग भिंतीला पोट आलंय का ते कडेने टॉर्च टाकून बघा. दोन इंच आत आलेली ब्लॉकची भिंत म्हणजे खणून, टेकू देऊन पुन्हा बांधायचं काम. आता टॉर्च वर धरा. जॉइस्टखाली, म्हणजे वरच्या मजल्याच्या लाकडी तुळयांखाली, जिथे तांब्याचे पाइप असायला हवेत तिथे नुसत्या पत्र्याच्या पट्ट्या लोंबताना दिसतील. भंगारवाल्यांनी पाइप नेले. पाइप गेल्याचं फार दुःख नको, तसेही बदलायचेच असतात. बघायचं ते हे, की काढताना जॉइस्टला करवत लावली आहे का. खाच पडलेल्या जॉइस्टमध्ये पेचकस खुपसा. मेणात जावा तसा गेला तर लाकूड कुजलंय आणि वरच्या बाथरूमचा भार हवेत आहे.

गरम पाण्याचे रेडिएटर असतील तर प्रत्येकाच्या बुडाशी वाकून बघा. पाणी न काढता घर हिवाळ्यात बंद राहिलं की बिडाचे खण तडकतात आणि खाली केसाएवढी गंजाची रेघ उतरते. तीन-चार रेडिएटर तसे निघाले तर बॉयलरही गेलाच म्हणून समजा आणि हिशेब सरळ फर्नेस व डक्टचा, म्हणजे गरम हवेच्या व्यवस्थेचा, करा. पॅनेल बोर्ड आणि बाहेरचा मीटरचा डबा जागेवर आहे का बघा. १९२० च्या दशकातल्या घरात चिनी मातीच्या गुंड्यांवरून नेलेली जुनी वायर अजून सापडते. ती असली की संपूर्ण वायरिंग नवीन.

सांडपाण्याच्या लाईनची खात्री ओपन हाउसला होत नाही. जुन्या भाजक्या मातीच्या पाइपात झाडांची मुळं शिरलेली असतात. समोर मोठं मेपल उभं असेल तर मी ही लाईन अंदाजपत्रकात धरूनच टाकतो.

पैशांचं बोलायचं तर साधारण बाराशे ते पंधराशे चौरस फुटांचं, असं लुटलेलं पण ढाचा शाबूत असलेलं विटांचं घर राहण्याजोगं करायला माझ्या हिशेबात आजकाल ९०,००० ते १,३०,००० डॉलर लागतात. छप्पर १२ ते १८ हजार, वायरिंग १२ ते २०, प्लंबिंग १० ते १५, फर्नेस आणि डक्ट १० च्या आसपास, सांडपाण्याची लाईन ८ ते १५. उरलेलं खिडक्या, भिंती, स्वयंपाकघर, बाथरूम यांत जिरतं. या आकड्यावर वीस टक्के बाजूला ठेवा. ते लागतातच.

अडचण अशी की बऱ्याच गल्ल्यांत दुरुस्त झालेलं घर ७०-८० हजारांनाच विकलं जातं. खर्च जास्त, किंमत कमी, म्हणून बँक कर्ज देत नाही. एफएचए २०३-के सारखी, केंद्र सरकारच्या हमीची, दुरुस्तीची कर्जं आहेत, पण तीही दुरुस्तीनंतरच्या मूल्यांकनावरच मिळतात. त्यामुळे बहुतेक लोक रोखीने करतात. मग हे करायचंच कशाला? कारण राहणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. तुम्हाला दहा वर्षं विनाहप्त्याचं, अस्सल विटांचं घर मिळतं, आणि गल्लीतली आणखी तीन घरं उभी राहिली तर तुमचं मूल्यही वर येतं. जो सहा महिन्यांत विकून मोकळा होणार, त्याच्या हातात फक्त तोटा राहतो.

राहायला जाण्याचेही खर्च आहेत, जे कॅन्टनमध्ये बसून लक्षात येत नाहीत. डेट्रॉइटच्या रहिवाशाला पगारावर २.४ टक्के शहराचा आयकर आहे; कॅन्टनला तो नाही. गाडीचा विमा पिन कोड बदलताच उडी मारतो. रिकाम्या घराचा विमाही साध्या पॉलिसीत बसत नाही, काम चालू असतानाचा वेगळा घ्यावा लागतो. मालमत्ता करात मात्र राहणाऱ्याला मोठा फायदा: 'प्रिन्सिपल रेसिडेन्स'चा (हे माझं राहतं घर आहे, असा) अर्ज भरला की शाळांसाठीचे १८ मिल, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे १८ डॉलर, कमी होतात. लँड बँकेकडून घेतलेल्या मिळकतीच्या करातला निम्मा भाग पहिली पाच वर्षं लँड बँकेकडे वळतो; तुमचं बिल त्याने वाढत नाही की कमी होत नाही, फक्त बिलावर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

स्वतःच्या राहत्या घराची परमिटं घरमालकाला स्वतःच्या नावावर काढता येतात, म्हणजे हात चालत असतील तर बरीच बचत आहे. भाड्याच्या घराला ती सवलत नाही. तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरच, शिवाय शहराकडे नोंदणी आणि तपासणीचं सर्टिफिकेट.

आता प्लॉट. पुण्या-नाशिकच्या माणसाला मोकळा प्लॉट दिसला की हात शिवशिवतात, मलाही कळतं ते. आपल्याकडे प्लॉट घेऊन कुंपण घातलं आणि पंधरा वर्षं विसरलं तरी चालतं, कारण जमीन थोडी आणि गिऱ्हाइकं फार. डेट्रॉइटमध्ये नेमकं उलटं आहे. तुमच्या प्लॉटसारखेच हजारो प्लॉट अजून लँड बँकेच्या नावावर आहेत आणि ती ते शंभर-अडीचशे डॉलरला विकते आहे. तुम्ही चढ्या भावाने विकणार कोणाला? आणि विसरून तर चालतच नाही. गवत वाढलं की दंड, फुटपाथवरचा बर्फ काढला नाही की दंड, रात्रीत कोणी वीस टायर आणून टाकले तर ते उचलायची जबाबदारीही मालकाची. कर तीन वर्षं थकला की प्लॉट पुन्हा काउंटीकडे.

शिवाय ही योजना तुमच्यासाठी नाहीच. १०० डॉलरचा 'साइड लॉट' मिळतो तो प्लॉटला लागून घर असलेल्याला. २५० डॉलरचा 'नेबरहुड लॉट' जवळपास, साधारण ५०० फुटांच्या आत घर असलेल्याला. आधी घर, मग प्लॉट. घर घेऊन राहायला गेलात तर मात्र ते दोन्ही प्लॉट ताबडतोब मागा, लँड बँकेकडची सगळ्यात चांगली खरेदी हीच. मागे एका गिऱ्हाइकाने तसे दोन घेतले. आज तिथे मेथी, गवार आणि कुंपणावर दोडक्याचे वेल आहेत. शहराने २०१३ मध्येच शेतीला झोनिंगमध्ये, म्हणजे जमीन वापराच्या नियमांत, जागा करून दिली, आणि २०२४ च्या अखेरीस परवाना घेऊन कोंबड्या पाळायलाही मुभा दिली. फक्त थेट जमिनीत भाजी लावू नका. पूर्वी घरं पाडताना तळघराच्या भिंती तिथेच गाडून वर माती लोटायची पद्धत होती, आणि जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असतं. माती तपासून घ्या, तोवर लाकडी वाफे करून त्यात बाहेरची माती भरा. त्या प्लॉटवर पुढे बांधायचं मनात असेल तर आधी झोनिंग बघा. जुने प्लॉट ३०-३५ फूट रुंदीचे आहेत आणि नियम नव्या घराला त्याहून जास्त रुंदी मागू शकतो. असेसरकडे, म्हणजे मालमत्ता करासाठी मूल्यांकन करणाऱ्या शहराच्या खात्याकडे, अर्ज करून प्लॉट घराच्या मिळकतीत जोडून घेता येतात.

राहिला मेहुणा. भारतातून एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यातून परदेशात घर घेता येतं, तेवढ्यापुरतं बेकायदा काही नाही. पण त्याचं नाव डीडवर आलं की विकताना परदेशी मालकाच्या वाट्यावर १५ टक्के कर आधीच कापून ठेवला जाऊ शकतो, क्लोजिंगच्या सह्यांना दरवेळी नोटरी आणि वेळेचा फरक, आणि भाडं आलं की त्याला इथे रिटर्न भरावं लागतं. एवढा व्याप या आकाराच्या घराला झेपत नाही. त्याला मदतच करायची असेल तर तुम्हाला उसने देता येतील का, हे आधी सीएला विचारायला सांगा, आणि दिलेच तर कागद करून. आणि तुमच्या व्हिसाचं: राहत्या घरात स्वतः रंग मारलात तर कोणी विचारणार नाही, पण घरं दुरुस्त करून विकायचा उद्योग हा नोकरीबाहेरचा धंदा ठरू शकतो. दुसऱ्या घराचा विचार मनात येईल तेव्हा आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा.

बोली लागलीच, तर क्लोजिंगनंतर ४५ दिवसांच्या आत असेसरकडे 'प्रॉपर्टी ट्रान्सफर अॅफिडेव्हिट' (मालकी बदलल्याचं प्रतिज्ञापत्र) द्यायचं विसरू नका आणि त्यावर पत्ता कॅन्टनचा टाका. रिकाम्या घराच्या पत्रपेटीत पडलेलं कराचं बिल कोणाच्याच हाती लागत नाही.